लाल पट्ट्याखालचं पाणी

माझा दादा तलावाचा दरवाजा उघडतो आणि बंद करतो. आयुष्यभर त्याने दुसरं काम केलं नाही. हे कोणाला सांगितलं की लगेच विचारतात, "एवढंच?" आणि माझं डोकं फिरतं. तुम्ही काय करता म्हणे? कागद इकडून तिकडे सरकवता, तेही एवढंच की.

दरवाजा म्हणजे घराचा नव्हे. शहराच्या वर मोठा तलाव आहे. त्याच्या बांधाला तळाशी एक लोखंडी झडप बसवली आहे आणि वर बांधावर लहानशी खोली आहे. खोलीत दात्यांचं एक चाक आहे. त्यात लांब हँडल अडकवून फिरवलं की झडप वर उचलली जाते आणि पाणी खालच्या पाणथळीत सुटतं. कधी काळी टवाळ पोरांनी ते हँडल पळवून तलावात टाकलं होतं. नवं घडवून मिळालं तेव्हापासून दादा ते रोज खांद्यावर टाकून घरी आणतो आणि सकाळी परत नेतो. रस्त्यातून तो असा चालला की शाळेतली मुलं "हँडलकाका, हँडलकाका" करत मागे लागतात. वहिनी म्हणते, "या घरात माझी सवत आहे, दाराआड उभी असते." दादा हसतो आणि हँडलला तेल लावत बसतो.

मी त्याची धाकटी बहीण, खालच्या आळीत राहते. शिवणकाम करते. माझी जीभ जरा टोकदार आहे म्हणून दादा मला लहानपणापासून 'सुई' म्हणतो. आमची आळी पाणथळीच्या काठावर आहे. मागच्या दाराने बाहेर पडलं की पाणकणसांचं रान सुरू होतं. आमच्याकडे नळ आले नाहीत. नळ शहराला गेले, आम्हाला विहिरी राहिल्या. पाणथळ ओली असेल तर विहिरींना पाणी असतं, ती सुकली की विहिरीही तळ दाखवतात. पाणथळीत पाणी कुठून येतं? दादाच्या दरवाज्यातून. म्हणजे मी भाताला आधण ठेवते ते दादाच्या मनगटाच्या जोरावर, असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "मग मीठ कमी घाल, मनगट दुखतं."

तलावातून पाणी जायला दोनच वाटा आहेत. एक वरची, पंपघरातून शहराकडे जाणारी. दुसरी खालची, आमच्याकडे येणारी. पूर्वी या दोन वाटांवरून फार भांडणं झाली. शेवटी मोठ्या बैठकीत एक तोड निघाली. तलावात एक दगडी खांब उभा आहे, त्याच्यावर लाल पट्टा मारायचा. पाणी पट्ट्याच्या वर असेतोवर शहराने हवं तेवढं उपसावं, दादानेही अधूनमधून दरवाजा उघडून आमच्याकडे सोडावं. पाणी पट्ट्याच्या खालच्या कडेला टेकलं की पंप बंद. त्याच्या खालचं सगळं पाणी पाणथळीचं, पक्ष्यांचं आणि आमच्या आळीचं. पाऊस येईपर्यंत ते थोडंथोडं सोडायचं. सगळ्यांनी मान्य केलं आणि नवल म्हणजे पाळलंही.

पट्टा रंगवायचं काम दादाचं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली खाली जात पट्टा जेमतेम उघडा पडायचा. तेव्हा दादा होडीतून जाऊन खांब घासायचा आणि पट्टा नव्याने रंगवायचा. रंग ओघळला तर चिंधीने पुसायचा. मी म्हणायची, "अरे, नवरीच्या कपाळाला लावतोयस का?" तो म्हणायचा, "सुई, ही रेघ वाकडी गेली तर भांडण वाकडं जाईल." पट्टा रंगवून होतो न होतो तोच पाऊस यायचा. पट्ट्याखालच्या पाण्याला हात लावायची वेळ फारशी आलीच नाही. तिथे आपलं पाणी ठेवलेलं आहे, एवढ्यावरच आम्ही निश्चिंत होतो.

खात्याच्या इंजिनीअर बाई तरुण होत्या, पण दादाशी अदबीने बोलायच्या. दरवाजा कसा उघडायचा हे दादाला त्यांनीच शिकवलं. त्याआधी तो एका दमात उघडून मोकळा व्हायचा. बाई म्हणाल्या, "काका, एकदम नका उघडू. पाणकोंबडीचं घरटं पाण्याला लागूनच असतं. पाणी हळूहळू चढलं तर ती काड्या रचून घरटं उंच करत जाते. एकदम चढलं तर अंडी गेली." दादाला हे इतकं आवडलं की त्याने नियमच करून टाकला. दोन फेरे, मग एक चहा, मग परत दोन फेरे. वहिनी थर्मास भरून द्यायची. दरवाजा पूर्ण उघडेपर्यंत दादाच्या पोटात चहाचा तलाव व्हायचा. घरी येऊन तो जेवायचा नाही आणि वहिनी पाणकोंबड्यांच्या नावाने बोटं मोडायची.

ही झाली बऱ्या दिवसांची गोष्ट. गेल्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. चार शिंतोडे पडले आणि आभाळ कोरडं झालं. तलाव आटत चालला. लोक बांधावर फिरायला म्हणून जायचे आणि खांबाकडे बघून परत यायचे. पट्टा उघडा पडला, दादाने तो रंगवला, आणि पाणी त्या ताज्या रंगाच्या खालच्या कडेला आलं तरी पावसाचा पत्ता नव्हता.

दादाने पंपघराला निरोप दिला. पंप बंद झाला. शहरात टँकर फिरायला लागले, टँकरमागे बादल्या घेऊन माणसं पळायला लागली. आणि सगळ्यांचा राग कोणावर? ज्याच्या खांद्यावर हँडल दिसतं त्याच्यावर. खाणावळवाला भर रस्त्यात म्हणाला, "पक्ष्यांना आंघोळ घालायला आम्हाला कोरडं ठेवलंत." दादा दाढी करायला गेला तर न्हाव्याने खुर्चीवर टॉवेल टाकून सांगितलं, "पाणी नाही, हँडल. साबण काय थुंकीत कालवू?" दादा दाढी वाढवून हिंडायला लागला. मी मात्र जो भेटेल त्याला ऐकवत होते, पट्टा म्हणजे पट्टा. तुमचे नळ इतकी वर्षं वाहत होते तेव्हा आम्ही कधी बोललो होतो का? आता आमची पाळी आहे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी जरा मिजाशीतच होते.

दरवाजा उघडायच्या सकाळी आमची अख्खी आळी बांधावर गेली. शहराला पुरावं म्हणून त्या वर्षी दरवाजा तोवर बंदच होता. पाणथळ ठिकठिकाणी भेगाळली होती, विहिरींच्या तळाशी गढूळ थारोळं उरलं होतं. दादाने हँडल अडकवलं. इंजिनीअर बाईही आल्या होत्या. दादाने दोन फेरे दिले आणि थर्मासचं झाकण उघडलं. खाली पाणी खळखळलं, बायांनी पदर डोळ्यांना लावले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग पाण्याचा रंग बदलला. आधी ते तांबूस होतं, मग तपकिरी झालं, मग खिरीसारखं दाट व्हायला लागलं. दादाने चहा तसाच खाली ठेवला आणि दोन फेरे दिले. दाट चिखल जरा पुढे सरकला आणि थांबला. त्याने आणखी फेरे दिले. आता त्याने चहाचं नाव घेतलं नाही. झडप पूर्ण वर गेली. तिच्या तोंडातून चिखलाची एक जीभ बाहेर आली आणि तिथेच लोंबकळत राहिली.

माझ्या शेजारची गवंड्याची बायको खोलीच्या खिडकीतून डोकावून म्हणाली, "दादा, अजून फिरवा ना."

"आता फिरत नाही वहिनी," दादा म्हणाला.

"थोडं जोर लावून बघा."

त्याला माहीत होतं की चाक शेवटाला लागलं आहे, तरी त्याने जोर लावला. तिला नाही म्हणवेना म्हणून लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, हँडल तसूभर हललं नाही. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, जणू त्याने पाणी कुठेतरी लपवलं आहे. मग त्याने हँडल सोडलं आणि तळहाताकडे बघत उभा राहिला.

बाईंनी चपला काढल्या आणि बांधाच्या आतल्या बाजूने तलावात उतरल्या. वरून पाणी चकाकत होतं. पण त्या चार पावलं गेल्या आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतल्या. पाणी चिखलाच्या वर वीतभरच होतं. दादाने होडीतला बांबू आणला आणि तळात खुपसला. तो आत जातच राहिला. सोडला तर आपोआप उभा राहिला. पट्ट्याखाली आम्ही ज्याला पाणी समजत होतो, तो गाळ होता. खांबावरची उंची सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून जपली, पण तळ वर येतोय हे कोणी बघितलं नाही. रेघ जागच्या जागी होती. तिच्या खालचं पाणी केव्हाच गेलं होतं.

"गाळ आहे हे मला माहीत होतं, काका," बाई म्हणाल्या. "तळाची मोजणी करू द्या म्हणून दरवर्षी मागणी करत होते. दरवर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. पण इतका असेल असं मलाही वाटलं नव्हतं."

त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडून काय करणार? त्यांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं होतं, वरच्यांनी ऐकूनही घेतलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी चोरी केली नव्हती. नियम तर सगळ्यांनी पाळला होता. आणि तो गाळ आला कुठून? तलावाच्या वरची टेकडी घरांसाठी फोडताहेत तिथून. तिथली माती डंपरने कोण वाहतं? आमचे हे. त्या पगारावर माझ्या घरातले निम्मे डबे भरतात. आता सांगा, भांडायचं कोणाशी?

उरलेलं वीतभर पाणी शहराच्याही कामाचं नव्हतं. पंपाचं तोंड पट्ट्याच्या वर होतं. खाणावळवाल्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि मग बादली उचलून टँकरमागे गेला. टँकर आमच्या आळीत सगळ्यांत शेवटी यायचा. अर्धाच भरलेला असायचा.

पाणथळीतलं पाणी आटत आटत माझ्या मागच्या भिंतीशी एका डबक्याएवढं उरलं. त्यात एक पाणकोंबडी आणि तिची काळी, कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. दादा काम सुटलं की तिथे येऊन बसायचा. बाईंना विचारून झालं होतं की पिल्लं उचलून दुसरीकडे नेता येतील का. बाई म्हणाल्या, "दुसरीकडे म्हणजे कुठे, काका?" 

एका संध्याकाळी तो मागच्या दारात येऊन उभा राहिला. "सुई, एक बादली पाणी देशील?"

"कशाला?"

त्याने डबक्याकडे मान केली. मी भडकले. घरात एकच बादली होती आणि टँकर परवा येणार होता. मी म्हणाले, "दादा, तुला वेड लागलंय का? माणसं तहानेने व्याकूळ झालीत आणि तू कोंबड्यांना पाजायला निघालास! हँडल फिरवून झालं नाही ते आता माझ्या बादलीने करणार आहेस?" तो माझं सगळं बोलून होईपर्यंत उभा राहिला, मग "बरोबर आहे तुझं" म्हणाला आणि वळला. तो भांडला असता तर मी बादली दिली नसती. त्याच्या पाठीकडे बघवेना. मी अर्धी बादली घागरीत ओतून ठेवली आणि उरलेली घेऊन त्याच्यामागे गेले.

आम्ही दोघांनी मिळून ती डबक्याच्या कडेला ओतली. हळूच, पिल्लं घाबरू नयेत म्हणून. जमिनीने सुर्रर्र आवाज करत पाणी पिऊन टाकलं. पाणकोंबडीने मान वळवून बघेपर्यंत तिथे फक्त ओला डाग राहिला होता. दादा म्हणाला, "चल आत, डास चावतील." इतक्या कोरड्यात डास कुठले? पण मी आत आले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत डबकं गेलं. आई उडून गेली. पिल्लांना उडता येत नव्हतं. दादाने ती फावड्यावर घेऊन पाणकणसांच्या बुंध्याशी पुरली आणि हात धुवायला पाणी नाही म्हणून मातीतच हात चोळले. मी खिडकीतून बघत होते. मला इतकं रडू आलं की सुईत दोरा ओवता येईना.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात चांगली झाली असं आम्हाला वाटलं. तलाव कोरडा पडत चालला होता, म्हणजे गाळ काढायला याहून चांगली वेळ नव्हती. भरल्या तलावात पोकलेन कसा उतरवणार? बाईंनी वरच्या ऑफिसात धरणंच धरलं. जेवणाचा डबा घेऊन साहेबांच्या दारात जाऊन बसायच्या म्हणे. दादा रोज तलावाच्या तळात चालून बघायचा, चिखल किती वाळला, कुठे यंत्राचं वजन पेलेल. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने दाढी केली. न्हाव्याने टँकरच्या पाण्यात साबण कालवत विचारलं, "काय हँडल, आज लग्न आहे का?" दादा म्हणाला, "गाळ निघाला की पट्ट्याखाली खरंच पाणी राहील बघ."

एकदाची मंजुरी आली. पण पोकलेन मोकळा नव्हता. आसपास एकच होता आणि तो टेकडी फोडत होता. तिथलं काम संपल्याशिवाय मालक सोडेना. आमचे हे रोज येऊन सांगायचे, "उद्या सुटेल बहुतेक." दादा रोज बांधावर उभा राहून टेकडीकडे बघायचा. आणि त्याच दिवसांत वरून हुकूम आला की पट्टा फिका पडलाय, ठळक करा. बाईंनी लिहून पाठवलं, पट्टा वर घ्यायला हवा. उत्तर आलं, मोजणीशिवाय वर घेता येणार नाही. मोजणी कधी? पुढच्या वर्षी बघू. दादाने वाळल्या तळावर शिडी लावली आणि पट्टा होता तिथेच पुन्हा रंगवला. या वेळी मी थट्टा केली नाही. खाली शिडी धरून उभी राहिले.

ज्या दुपारी पोकलेन ट्रेलरवर चढून बांधावर आला, त्याच दुपारी आभाळ भरून आलं. ड्रायव्हरने यंत्र खाली उतरवलं, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत पावसाने झोडपायला सुरुवात केली. अख्खं शहर रस्त्यावर आलं. खाणावळवाला बनियनवर नाचत होता. आमच्या आळीतल्या बायांनी घरातली सगळी भांडी पागोळ्यांखाली लावली आणि एकमेकींना भिजवायला लागल्या. मीही भिजले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. विहिरीत डोकावले तर पाणी चढत होतं. कित्येक दिवसांनी मी तोंडावर भरभरून पाणी मारलं.

मग दादाची आठवण झाली आणि मी तशीच बांधावर गेले. पोकलेनवर ताडपत्री टाकली होती, ड्रायव्हर तिच्याखाली झोपला होता. तलावात टेकडीवरून लाल लोंढे उतरत होते, नवी माती घेऊन. खांबाभोवती पाणी चढत होतं. मी बघता बघता ते पट्ट्याला लागलं आणि पट्टा आत गेला. आता कोणी बघितलं तर म्हणणार, वा, तलाव भरला. खाली काय आहे ते दिसायची सोय राहिली नव्हती.

दादा खोलीत बसला होता, हँडल मांडीवर. मला त्याला काहीतरी धीर द्यायचा होता. पाऊस थांबल्यावर बघतील, पुढच्या उन्हाळ्यात काढतील, असलं काही. पण त्याच्यासोबत रडावं तर माझी विहीर भरत होती. हसावं तर तो समोर होता.

"तुझ्या विहिरीला आलं का गं?" त्याने विचारलं.

"आलं."

"किती?"

"पुष्कळ आलंय दादा. हाताने काढता येईल इतकं वर येईल."

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्याला ओरडून बोलावं लागलं.

"जपून वापर," तो म्हणाला.

एरवी मी त्याला सोडलं नसतं. बाहेर आभाळ फाटलंय आणि तू जपून वापर म्हणतोस, असं काहीतरी ऐकवलंच असतं. मी नुसती "बरं" म्हणाले. घरी आले, पागोळ्यांखालची भांडी एकेक करून आत आणली आणि झाकून ठेवली. आमचे हे दारात भिजत उभे होते, मला बघून हसायला लागले. मी पिंपसुद्धा भरलं आणि त्याच्यावर पाट ठेवला.